ज्याचा शिधा त्याचा अर्धा

— नाही, पण विश्वास ठेवायचा कोणावर, तुम्हीच सांगा मिस्टर लिंडल — माणसावर, बँकेवर की डोंगरावर? डोंगर बरा, त्याला तोंड नाही, म्हणून तो खोटं बोलत नाही. बँकेचं म्हणाल तर ती बघा समोर, खिडकीतून दिसतेय — दगडी खांब, वर कोरलेला गरुड, आणि आत कोंबड्या. थट्टा नाही करत, खरंच कोंबड्या! न्हाव्यानं पाळल्यात. गेल्या ऑक्टोबरात एका सकाळी दाराला कुलूप दिसलं, आणि माझ्या सगळ्या वर्षांचा गल्ला आत. मॅनेजर म्हणे प्रकृती सुधारायला सॅन फ्रान्सिस्कोला गेला. सुधारली असेल, का नाही सुधारणार, माझ्या पैशावर कोणाचीही सुधारेल. मग राहिला माणूस. तर माणसावर ठेवायचा असेल ना विश्वास, तर या निकोला ब्राइलोवर ठेवा — आता हे मीच म्हणायचं म्हणजे स्वतःची आरती स्वतःच ओवाळायची — पण हार्कनेस गावात दुसरं म्हणायला उरलंय कोण? बसा. ते खोकं ओढा, खुर्च्या विकल्या मी. कॉफी घ्या. जरा खारट लागेल, दोष कॉफीचा नाही, पाण्याचा. पाण्याचाही नाही म्हणा — या देशात जमिनीतून जे वर येतं त्याला काही ना काही खोट असतेच.

तुम्ही रीनोहून कशाला आलात ते ठाऊक आहे मला. सगळ्या गावाला ठाऊक आहे, गाव म्हणजे आता मी, न्हावी, डेलिया रोर्कची खानावळ आणि जे दोन-चार जण आजारी म्हणून हलले नाहीत ते. बाकी सगळे पर्डीच्या डोंगराकडे पळाले, जिथं त्या म्हाताऱ्याला सोनं सापडलं तिकडे. नुसते नाही पळाले, घरं उचलून पळाले! आमचं हॉटेल खेचरं जुंपून ओढत नेलं हो, खिडक्यांना पडदे तसेच, आणि वरच्या मजल्यावर एक गिऱ्हाईक झोपलेलं — भाडं भरलंय म्हणे, उठणार नाही. तर त्या पर्डीच्या खाणीचे दोन अर्धे. एक त्याच्या ओहायोतल्या बहिणीचा, ते ठरलं, मिटलं. दुसरा अर्धा, खाण घेणाऱ्या तुमच्या कंपनीनं त्याची किंमत केली वीस हजार डॉलर, तो कोणाचा? हेच ठरवायला तुम्ही आलात ना? म्हातारा मरताना डॉक्टरसमोर काय बोलला, तर 'दुसरा अर्धा, मी ज्याचं अन्न खात होतो त्याचा.' आणि मान टाकली. अरे, नाव घ्यायला काय झालं होतं तुला! पण जन्मभर तसाच तो. कधी एक वाक्य पुरं केलं नाही, एक खड्डा पुरा खणला नाही.

रीनोत तुम्ही कागदावर चालता, इथं शिध्यावर चालतं. दुकानदारानं शिधा द्यायचा — पीठ, घेवडा, खारवलेलं मांस, कॉफी, सुरुंगाची दारू — आणि दुसऱ्यानं तो खात डोंगर हिंडायचे. जे सापडेल त्यात अर्धं अर्धं. सही नाही, साक्षीदार नाही, नुसता हातावर हात. आणि त्याची दुसरी बाजू कोणी सांगत नाही ती मी सांगतो — शिधा चालू आहे तोवर तो माणूस तुमचा भागीदार, म्हणजे त्याची देणीसुद्धा अर्धी तुमची! एकदा पर्डीनं दारूच्या गुत्त्यातला आरसा फोडला. का फोडला? म्हणे, आरशातला म्हातारा टक लावून बघत होता. गुत्तेवाला सरळ माझ्याकडे. 'निक, अर्धा आरसा तुझा.' दिले. काय करता? रिवाज म्हणजे रिवाज.

सहा वर्षं पोसला मी त्याला, मिस्टर लिंडल. वसंतात एकदा, ऐन थंडीत एकदा. ईफ्रम पर्डी, दाढी कमरेपर्यंत, दात मोजून तीन, आणि त्याचं ते गाढव. गाढवाचं नाव सेनेटर — का, तर दिवसभर ओरडतं, काम शून्य, आणि खायला सगळ्यांच्या पुढं. ते गाढव डब्यांवरचे कागद खायचं हो! डिंक लागतो ना कागदाला, त्याची चटक. मी वाचायला शिकलो ते या कागदांवरून — आमच्या गावी, समुद्राकाठी, शाळा होती, पण ती पाद्रीबाबाच्या पुतण्यांसाठी — सॅन फ्रान्सिस्कोत एका खानावळीत भांडी घासताना मी टोमॅटो, पीच, घेवडा असं एकेक अक्षर लावत शिकलो, आणि माझी ती सगळी विद्या गाढव खाऊन बसलं. डोंगरात पोचेपर्यंत डबे सगळे बोडके. पर्डी म्हणायचा, 'बरंच आहे की निक. उघडेपर्यंत देवालाही ठाऊक नाही आत काय आहे. अगदी खाणीसारखं.' हसायचा मग, तीन दातांनी. आणि परत आला की काय आणायचा? एकदा पोतंभर अभ्रक आणलं. चकचकीत, अगदी लग्नातल्यासारखं. एकदा आणला एक मोठा दगड, दोन दिवस गाढवाच्या पाठीवर, आत म्हणे चांदी. फोडला तर आत दगडच. 'निक, पुढच्या खेपेला बघ, या वेळी डोंगर बोलला माझ्याशी.' मी म्हणायचो, 'डोंगराला सांग, आधी आरशाचे पैसे दे.' पण द्यायचो हो. दर वेळी द्यायचो. त्याच्याशी माझं काय नातं होतं — काही नाही. पण सहा वर्षं एकाच माणसाला एकच खोटं बोलू द्यायचं, म्हणजे ते जवळजवळ नातंच की.

आणि गावाचं म्हणाल, तर गावाला काय कमी होती त्या काळात! दुकानाला भिंती नव्हत्या तेव्हा मी तंबूत विकत होतो, अंडं अर्ध्या डॉलरला, आणि लोक घेत होते, वर थँक्यू म्हणत होते. रस्त्यांना नावं दिली झाडांची, एल्म रस्ता, मॅग्नोलिया रस्ता — एक झाड दिसलं तुम्हाला येताना? बँड होता, मुष्टियुद्ध होतं, ऑपेराची बाई आली होती, तिच्या घशात धूळ गेली आणि ती खोकत परत गेली, लोकांनी तरी टाळ्या वाजवल्या. सोन्याचं म्हणतात सगळे, पण सोनं खोदणाऱ्यानं पाहिलं तेवढंच, दिव्याच्या उजेडात. ते गेलं ते न्यूयॉर्कला, शेअरवाल्यांकडे. माझ्याकडे काय आलं? रिकामी खोकी. त्यातल्याच एकावर बसलायत तुम्ही. आणि बँक बुडाल्यावर जो तो मला येऊन सांगतोय, 'निक, तुला समजतंच, हात जरा अडकलाय.' मला समजतं! लॉस एंजेलिसच्या घाऊकवाल्यांना समजत नाही ना. त्यांनी कळवलंय, येत्या महिन्यात मालावर जप्ती. म्हणून सांगतो, हा पर्डीचा अर्धा म्हणजे माझं सगळं आहे. मिळाला तर मी हे दुकान त्या नव्या डोंगरापाशी नेईन, आणि नाही मिळाला तर — नाही मिळाला तर पंचावन्नाव्या वर्षी पुन्हा भांडी.

तर जानेवारीचं सांगतो. तुम्ही तेच विचारताय ना, कारण सोनं सापडलं ते त्याच खेपेत. जानेवारीत पर्डी आला, नेहमीसारखा. मी नेहमीसारखा शिधा काढून दिला — पीठ, घेवडा, मांस, कॉफी, दारूच्या कांड्या, वर टोमॅटोचे डबे. सगळं सेनेटरवर लादलं, मी स्वतः दोरी आवळली. 'जा बाबा,' म्हटलं, 'या वेळी तरी अभ्रक आणू नकोस.' आणि गेला. सरळ गोष्ट आहे. लिहून घ्या.

काय? — हो हो, ठेवा की गल्ल्यावर, बघतो. त्याच्या तळावर सापडला म्हणता हा डबा? चरबीचा डबा आहे. असे डबे मीच विकतो, म्हणजे झालंच की, माझाच — थांबा, झाकण उघडू नका, घाण वास — आंबवण आहे हे. वाळलं तरी वास जात नाही बघा. आंबवण म्हणजे — तुमच्या घरी बायको करत असेल, तुम्हाला काय माहीत — पीठ आणि पाणी आंबवत ठेवायचं, त्यातलं चमचाभर नव्या पिठात घातलं की पीठ फुगतं, पाव होतो. ते संपू द्यायचं नसतं, थंडीत गोठू द्यायचं नसतं. डोंगरातली माणसं बायकोला जपत नाहीत एवढं आंबवणाला जपतात, रात्री कुशीत घेऊन झोपतात. आणि गंमत सांगू? या गावात सगळं विकत मिळतं, पाणी विकत, लाकूड विकत, न्हाव्याकडे तर आता सावलीत बसायचेही पैसे पडतील, पण आंबवण कोणी विकत नाही. मागितलं की द्यायचं. मी एकदा विकून पाहिलं — हसू नका — बरणीला दहा सेंट. लोकांनी आठवडाभर दुकानात पाऊल ठेवलं नाही.

डब्याला गुंडाळलेला हा फडका? निळ्या चौकटींचा? असेल कोणाचा तरी. निळ्या चौकटी काय एकाच — बरं, ठीक आहे, डेलियाच्या टेबलाचा आहे. तुम्ही तिथं जेवलात कालच, तुम्हीही पाहिलाय. आणि वास बटाट्याचा येतोय, ती उकडलेला बटाटा घालते त्यात, तेही माहीत आहे मला. असेल तिचं आंबवण. म्हणून काय झालं? आंबवण म्हणजे शिधा नव्हे! चमचाभर आंबट पिठावर जर अर्धी खाण मिळायला लागली तर उद्या काडी दिली म्हणून कोणी येईल. पाव कशाचा होतो, मिस्टर लिंडल? पिठाचा. आणि या गावात पीठ कोणाचं? माझं! दुसरं दुकान दाखवा मला. डेलियाच्या खानावळीत खाल्लेला घास न् घास माझ्या पोत्यातून गेलाय. मोठी तोंडाळ बाई हो. नवरा खाणीत गेला दोन वर्षांपूर्वी, सुरुंग उशिरा उडाला. रडली असेल तेव्हा रडली असेल, पण दुसऱ्या दिवशी खानावळीची घंटा वाजली, अर्ध्या तासाचाही उशीर नाही. एकदा दुकान भरलेलं, आणि ही पिठात हात घालून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणते, 'मिस्टर ब्राइलो, तुमच्या पिठात एवढे किडे आहेत तर मांस वेगळं कशाला घेऊ मी?' मी म्हटलं, 'बाई, किड्यांचे पैसे लावलेत का?' ती म्हणाली, 'वजनात लावलेत.' सगळे हसले. मीही हसलो. गिऱ्हाइकाबरोबर हसावं लागतं. पण पैसे टाकायची हो, तिथं बोट ठेवायला जागा नाही. बँक बुडाल्यापासून मी कोणालाच उधार दिलं नाही, एका पैशाचं नाही, प्रत्यक्ष पाद्रीबाबाला नाही, आणि ही तेव्हाही रोख—

कोणालाच म्हणजे — पर्डीला दिलं की! पर्डीचं वेगळं. शिधा ही उधारी नव्हे, ती भागीदारी. तुम्ही हिशेबनीस लोक फार शब्द पकडता.

विश्वास नसेल तर त्या दिवशी दुकानात असलेल्यांना विचारा. दहा-बारा जण होते, शेगडीभोवती बसले होते, सगळे आता पर्डीच्या डोंगरावर आहेत. जा, विचारा — नाही, नका विचारू. सगळे माझे देणेकरी आहेत, देणेकऱ्याच्या साक्षीला काय अर्थ?

हं? मागे? मागे काही नाही हो, अंगण आहे. गाढव ओरडतंय. पाण्याच्या वेळेला ओरडतंच, घड्याळ लावावं. गुणी जनावर आहे तसं, नाताळापासून पाण्याची पिंपं ओढतंय माझी, एक दिवस खाडा नाही, इतक्या स्वस्तात असं जनावर कोणाला मिळालं नसेल, फक्त ते डब्यांचे कागद — सेनेटर! गप रे!

...

काय बघताय असे? कॉफी गार होतेय तुमची.

हो. तोच तो. दुसरा सेनेटर कुठून आणू मी. आणि नाताळापासून म्हणालो, तेही ऐकलंत तुम्ही, तुमचा हात लिहायला लागलासुद्धा. लिहा. नाही, थांबा! आधी ऐकून घ्या, मग लिहा. तुम्ही माझ्या जागी उभे राहा ना जरा. बँक बुडालेली. घाऊकवाला मानेवर बसलेला. आणि नाताळाच्या दुसऱ्या दिवशी तो दारात — टोपी हातात, दाढीत बर्फ. 'निक, या वेळी खरंच सांगतो. तिकडे त्या तांबड्या सुळक्याच्या मागं. अर्धं तुझंच.' मी म्हटलं, 'कशाचं अर्धं, पर्डी? शून्याचं अर्धं मला घरबसल्या मिळतं.' शेगडीभोवतीचे सगळे हसले. आता माणसं हसली की माणूस चढतो हो, तुम्ही नाही चढणार? मी चढलो. आणि मला भीती होती. त्यानं गावात कुठं काय उधार करून ठेवलंय ते मला ठाऊक नव्हतं, आणि भागीदार म्हणून त्यातलं अर्धं माझ्या गळ्यात येणार. मी शहाणा माणूस ना! मी गल्ल्यावर हात आपटून, सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, 'आजपासून ईफ्रम पर्डी माझा भागीदार नाही. याच्या देण्याशी माझा संबंध नाही, याच्या घेण्याशी माझा संबंध नाही.' असंच म्हणायचं असतं, हाच रिवाज आहे, दहा माणसांसमोर म्हटलं की सुटलात. कोणी शिकवलं नव्हतं मला, ऐकून ऐकून शिकलो. फार अभिमान वाटला तेव्हा, वकील न लावता वकिलाचं काम केलं म्हणून.

आणि मागच्या हिशेबापोटी गाढव ठेवून घेतलं.

तो भांडला नाही. भांडला असता तर बरं झालं असतं, मी चार शब्द जास्त बोललो असतो आणि मग कदाचित अर्धं पोतं पीठ — मी तसा आहे, मला कोणी भांडलं की मागाहून वाईट वाटतं. तो नुसता अंगणात गेला. गाढवाचं कपाळ खाजवलं. मला म्हणाला, 'याला पीचचे कागद देऊ नकोस निक. पोट फुगतं त्याचं.' आणि पायी निघाला. सत्तरीचा माणूस, जानेवारी तोंडावर, पाठीवर काहीच नाही.

त्याला बाहेर डेलियानं गाठलं. मला कसं माहीत? खिडकीतून दिसलं, बँकेसमोरची ही खिडकी मला सगळं दाखवते. आधी दोघं बोलत होती, तो मान हलवत होता, ती हात हलवत होती. मग ती तरातरा दुकानात आली. अर्धं पोतं पीठ, घेवडा, मांसाचा तुकडा. मी माझ्या हातानं तोलून दिलं. त्या आठवड्यात मी भाव चढवला होता, ती काही बोलली नाही. एरवी ती पिठात हात घालून बघायची, त्या दिवशी बघितलंही नाही, नाणी टाकली आणि पोतं स्वतः खांद्यावर घेऊन गेली. मी विचारलं — मला गप्प बसता येत नाही — 'काय बाई, शिधा देताय? खाणीची मालकीण व्हायचंय?' ती दारातून म्हणाली, 'शिधा तुमच्यासारखे देतात, मिस्टर ब्राइलो. मी त्याला जेवायला देतेय.'

फरक काय, तुम्ही सांगा? मी गेले कित्येक दिवस विचार करतोय. पीठ तेच.

मार्चात परतला. पायीच. खिशात दगड, छातीत न्युमोनिया. डेलियानं त्याला शेगडीमागं झोपवलं. दगड तपासणाऱ्याकडून बातमी संध्याकाळपर्यंत गावभर, आणि मी — आता सगळं ऐकलंत तर हेही ऐका — मी नवं कांबळं आणि पीचचा डबा घेऊन गेलो. उत्तम प्रतीचे पीच, साखरेच्या पाकातले. तो मला बघून हसला. आवाज अगदी बारीक. म्हणाला, 'काय निक, आज उधारी मिळते वाटतं?' डेलियानं डबा उघडला हो, तिनं मला हाकललं नाही, चमच्यानं भरवायला बघितलं. आणि मग डॉक्टरला तो तेच म्हणाला, ज्याचं अन्न मी खात होतो. आता तुम्ही म्हणाल खुळा आहे, पण मी महिनाभर स्वतःला समजावत होतो, त्या घडीला तो खात काय होता? माझे पीच! वकिलालाही सांगायचं ठरवलं होतं. कोर्टात उभं राहून, कोट घालून, पीच म्हणणार होतो मी. पण गिळला नाही त्यानं. एकसुद्धा नाही. ओठावरून ओघळले, ते तिनं फडक्यानं पुसले.

बंद केलीत वही? उठलात? झालं काम, नाही का? ब्राइलोचा हक्क गेला. आता तुम्ही परत जाल डेलियाकडे, आणि विचाराल, 'बाई, तुम्ही पर्डीला शिधा दिलात?' आणि ती काय म्हणणार हे मी इथं बसून सांगतो. ती म्हणणार, 'मी शिधाबिधा काही दिला नाही, भुकेल्याला जेवायला दिलं.' आणि तुम्ही लिहाल — भागीदार कोणीच नाही. आणि कंपनीच्या वकिलानं आधीच बोलून ठेवलंय, धनी मिळाला नाही तर तो अर्धा कंपनीच्या पेटीत राहील. — नाही, तुम्ही मान हलवू नका. मी तीस वर्षं गिऱ्हाइकांची तोंडं बघतोय. काल तिथं जेवताना तुम्ही तिला हे विचारलंत, आणि तिनं तेच उत्तर दिलं, आणि तुम्ही खूश झालात. म्हणूनच आज इथं इतके शांत बसलात. मला खोटं बोलू दिलंत, की दोन्हीकडून मोकळे! वा. बरं झालं धंद्यात पडला नाहीत तुम्ही, मी उपाशी मेलो असतो.

उघडा ती वही. उघडा म्हणतो ना! दार तुमच्यामागं आहे आणि त्याची किल्ली माझ्या खिशात आहे. लिहा. मी, निकोला ब्राइलो, दुकानदार, सांगतो की नाताळाच्या दुसऱ्या दिवशी मी ईफ्रम पर्डीचा शिधा तोडला, दहा माणसांदेखत. त्याचं गाढव ठेवून घेतलं. त्याच दिवशी डेलिया रोर्क हिनं माझ्या दुकानातून रोख पैसे टाकून पीठ, घेवडा, मांस घेतलं आणि त्याला दिलं, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. सोनं सापडलं तेव्हा त्याच्या पोटात दुसरं कोणाचं काही नव्हतं. आणि रिवाजाप्रमाणे तिनं त्याला काहीही नाव देवो, शिधा म्हणो, जेवण म्हणो, दान म्हणो, ज्याचा शिधा त्याचा अर्धा. आणा, सही करतो. नाव नीट लिहिता येतं मला, डब्यावरच्या अक्षरांत.

आणि कृपा करून माझ्याकडे असं बघू नका. मी काही साधू झालो नाही. मला ती बाई आवडत नाही, आजही नाही, उद्या ती पैसे घेऊन आली आणि माझं दुकान जप्तीत विकत घेतलं तर मी तिच्या तोंडावर थुंकेन. पण ज्या पेटीनं माझा गल्ला खाल्ला तसल्याच दुसऱ्या पेटीत हा अर्धा जाणार असेल — नाही. ते मी होऊ देणार नाही. भांडी घासेन.

कॉफीचे पैसे नकोत. घ्या तो डबा तुमचा, गल्ला मोकळा करा. बाहेर पडा आता, मला दुकान बंद करायचंय, वाऱ्यानं धूळ आत येतेय. — आणि एक मिनिट, मिस्टर लिंडल. डेलियाला वाचता येत नाही. पोती मोजता येतात, नाणी मोजता येतात, कागद नाही. तुम्ही जिथं बोट ठेवाल तिथं ती फुली मारेल, आणि तुम्हाला विचारणारही नाही, कारण तिला वाटतं की माणूस तिच्या टेबलावर जेवला की तो खोटं करत नाही. तर बोट बरोबर ओळीवर ठेवा. शून्यं जेवढी आहेत तेवढी सगळी लिहा. हिशेब सचोटीनं ठेवा, साहेब.